दोन देशांचे माथे

केनिया आणि टांझानिया यांच्यामधली सरहद्द नकाशावर जरूर पाहावी. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरून ती निघते आणि पट्टी ठेवून आखल्यासारखी वायव्येकडे व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जाते. वाटेत गवताळ माळ येतात, पाणवठे येतात, मसाई लोकांचे गुरांमागून चालण्याचे जुने मार्ग येतात. रेषा कशालाच थांबत नाही. मोठं वळण ती एकाच ठिकाणी घेते. किलिमांजारो जवळ आला की ती त्याच्या पूर्वेकडून आणि उत्तरेकडून वळसा घालते, डोंगर टांझानियाच्या पदरात टाकते आणि पुन्हा सरळ होते.

व्हिक्टोरिया राणीनं हा डोंगर आपल्या नातवाला, जर्मनीच्या कैसरला, वाढदिवसाची भेट म्हणून दिला आणि म्हणून रेषा वळली, अशी एक गोष्ट त्या भागात अजून सांगितली जाते. ती खरी नाही. रेषा ठरली 1886 मध्ये, आणि नातू कैसर झाला 1888 मध्ये. खरं कारण अधिक साधं आणि अधिक दुःखाचं आहे. डोंगराच्या उतारांवरच्या प्रमुखांशी जर्मनांनीही करार केले होते आणि इंग्रजांनीही. मोशीकडची बाजू जर्मनांनी मागितली, तावेताची इंग्रजांनी. त्या कागदांचा हिशेब दूर युरोपात बसून मिटवला गेला, आणि त्यातून आफ्रिकेतले सर्वांत उंच दोन डोंगर दोन शेजारी देशांच्या नावावर लागले. 5895 मीटरचा किलिमांजारो टांझानियाचा, 5199 मीटरचा माउंट केनिया केनियाचा.

आमच्या गटानं हे दोन्ही डोंगर एकाच प्रवासात चढायचं ठरवलं तेव्हा ही रेषा माझ्या डोक्यात नव्हती. आम्ही सह्याद्रीत फिरणारी माणसं. पावसाळ्यात चिखल तुडवायचा, हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर मुक्काम टाकायचा, कळसूबाईला वर्षातून एकदा तरी जाऊन यायचं, असा आमचा परिपाठ. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी दवाखाना चालवणारं, एक तरुण जोडपं, आणि शाळेत भूगोल शिकवलेल्या एक बाई, ज्यांना सगळे बाईच म्हणायचे. शेजारी देशांचे सर्वोच्च माथे, ही कल्पना त्यांचीच. आधी माउंट केनिया आणि मग किलिमांजारो, हा क्रमही त्यांनीच धरून ठेवला. पहिल्या डोंगरावर काही रात्री काढल्या की शरीराला विरळ हवेची सवय होते आणि दुसऱ्या, जास्त उंच डोंगरावर ती कामी येते. युगांडाचं सर्वोच्च शिखर मार्गेरिटा हेही यादीत असावं असं एकदा बोलणं झालं होतं. पण 5109 मीटरचं ते शिखर रुवेन्झोरी पर्वतात, युगांडा आणि काँगो यांच्या अगदी सीमेवर आहे. वाटेत दलदल, वर हिमनदी, दोर आणि क्रॅम्पॉन लागणार. ते काम आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

नैरोबीहून नान्युकीला जाताना विषुववृत्त लागतं. तिथून सिरिमॉनच्या बाजूनं आम्ही चढायला लागलो. खालच्या टप्प्यात जंगल आहे. झाडांच्या फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या झिपऱ्या लोंबतात. मग झाडं आखूड होत जातात, झुडपं सुरू होतात, आणि साधारण साडेतीन हजार मीटरांवर अशी वनस्पती भेटायला लागते की क्षणभर आपण पृथ्वीवरच आहोत ना, असं वाटावं. माणसाहून दुप्पट उंचीचे सेनेसिओ: जाड खोड, त्याच्याभोवती वाळलेल्या पानांचं जाड वेष्टण आणि वर कोबीच्या गड्ड्यासारखा हिरवा झुपका. त्यांच्याखाली लोबेलिया. या डोंगरावर दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा असतो, वर्षभर, रोज. ऋतू वर्षाचे नसतात, प्रहरांचे असतात. म्हणून ही झाडं वाळलेली पानं टाकून देत नाहीत. तीच रात्री खोडाला ऊब देतात. संध्याकाळ झाली की कोवळ्या कोंबाभोवती पानं मिटतात आणि सकाळी ऊन आल्यावर उघडतात. मॅकिंडर दरीतून चालताना मी मुद्दाम मागे राहून हे मिटणं पाहत असे. माथ्याची ओढ मला आहेच, नाही असं मी म्हणणार नाही. पण डोंगरावर इतकं काही जगत असतं आणि आपण त्यातला एक बिंदू निवडून त्यालाच डोंगर म्हणतो, हे त्या दरीत मला पहिल्यांदा नीट दिसलं.

आमचा केनियातला गाइड किकुयू होता. त्याच्या आजोबांच्या काळी घराचं दार डोंगराकडे तोंड करून ठेवत, असं त्यानं सांगितलं. किकुयूंचा देव, न्गाई, या डोंगरावर उतरतो. प्रार्थना करायची ती डोंगराकडे पाहून. जोमो केन्याटा यांनी 1938 मध्ये आपल्या समाजाच्या रीतिरिवाजांवर जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच डोंगराला सामोरं जाणं आहे. वंगारी माथाई याच डोंगराच्या सावलीत, न्येरीकडे वाढल्या. 2004 मध्ये नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाल्याचं कळलं तेव्हा त्या त्याच भागात होत्या, आणि आनंद साजरा करायला त्यांनी डोंगरासमोर एक झाड लावलं. या सगळ्यात वर चढून जाण्याचा उल्लेख कुठेच नाही. देव वर आहे. माणसानं खाली राहून त्याच्याकडे पाहायचं. त्या पाहण्यातही डोंगराचा पूर्ण स्वीकार होता. केनियाची सर्वांत लांब नदी ताना हिला पाणी देणारे ओढे याच्याच उतारांवरून निघतात, आणि तानावरच्या धरणांतून देशाच्या विजेचा मोठा वाटा येतो. खालच्या शेतकऱ्यानं डोंगराकडे तोंड करून हात जोडणं यात भाबडेपणा काहीच नाही.

मला इथे कळसूबाईची आठवण झाली, आणि ती प्रवासभर सोबत राहिली. आपल्याकडे देवी वर आहे म्हणूनच माणसं वर जातात. 1646 मीटरच्या त्या माथ्यावर एक छोटं देऊळ आहे, नवरात्रात तिथे शिडीला रांगा लागतात, आणि कडेवर पोर घेतलेल्या बाया अनवाणी चढताना मी पाहिल्या आहेत. त्यांना महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर सर करायचं नसतं. त्या कळसूबाईच्या भेटीला आलेल्या असतात. डोंगर एकच, पण कुणी त्याला आकड्यानं ओळखतं, कुणी नात्यानं.

शिप्टन कॅम्प साधारण 4200 मीटरांवर आहे. तंबूभोवती हायरॅक्स नावाचे सशाएवढे, गुबगुबीत प्राणी फिरतात, ज्यांचं जवळचं नातं हत्तीशी आहे यावर पाहूनही विश्वास बसत नाही. रात्री स्वयंपाक्यानं न्देंगू, म्हणजे मुगाची उसळ, आणि चपात्या केल्या. चपाती केनियाच्या घराघरात रुजली आहे. रेल्वे बांधायला नेलेल्या आणि मागून व्यापाराला गेलेल्या हिंदुस्थानी माणसांनी ती तिथे पोचवली. चार हजार मीटरांवर, शून्याखालच्या थंडीत, उसळ-चपाती खाताना आमच्यातले डॉक्टर एकदम गप्प झाले होते.

पहाटेच्या आधी निघालो. हेडटॉर्चच्या उजेडात खडी, मग खडक, मग लोखंडी पायऱ्या आणि तारा. पूर्व फाकली तेव्हा आम्ही पॉइंट लेनानावर होतो, 4985 मीटरांवर. आणि केनियाचं सर्वोच्च शिखर समोर होतं.

हे आम्हाला निघण्याआधीपासून माहीत होतं. माउंट केनियाचा खरा माथा म्हणजे बातियान, त्याच्या शेजारी नेलियन. दोन्ही उभे खडकाचे सुळके, मध्ये अरुंद खिंड. तिथे जायला दोर, प्रस्तरारोहणाचं कसब आणि तशी जोडी लागते. हॅलफर्ड मॅकिंडर 1899 मध्ये सेझार ओलिए आणि जोसेफ ब्रोशरेल या आल्प्समधल्या दोन मार्गदर्शकांबरोबर बातियानवर पोचला. त्यानंतर दुसऱ्यांदा तिथे माणूस पोचायला 1929 साल उजाडलं. ते होते एरिक शिप्टन आणि पर्सी विन-हॅरिस. पायी चालणाऱ्यांसाठी डोंगर लेनानापाशी संपतो. बातियान, नेलियन, लेनाना ही तिन्ही नावं मसाईंच्या धर्मप्रमुखांच्या घराण्यातली आहेत आणि ती मॅकिंडरनं दिली. पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या किकुयूंना त्यानं विचारलं असतं तर नावं कदाचित वेगळी निघाली असती.

तर, केनियाचा माथा आम्ही गाठला की नाही? यावर आमच्यात तिथेच थोडी चर्चा झाली. तरुण जोडप्याचं म्हणणं, नाही. बाईंचं म्हणणं, शिखर डोळ्यांनी इतक्या जवळून पाहिलं की ते गाठल्यासारखंच. मला दोन्ही पटलं नाही. मला वाटतं, सर्वोच्च बिंदू समोर आहे आणि आपण त्याहून दोनशे मीटर खाली उभे आहोत, ही अवस्था डोंगराला आणि माणसाला दोघांनाही शोभणारी आहे. सुळक्यावर उन्हाचा पहिला तांबूस पट्टा उतरत होता. खालच्या मळ्यांतून, घरांतून त्याकडे पाहणारी माणसं त्या वेळी उठत असतील. आम्हीही पाहतच होतो, जरा जवळून.

लेनानावर पोचलेल्यांत माझ्या मनात सर्वांत घर करून राहिलेली माणसं गिर्यारोहक म्हणून नव्हे, कैदी म्हणून तिथे आली होती. दुसऱ्या महायुद्धात नान्युकीजवळ इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. फेलिचे बेनुत्सी त्यात होता. पावसाळ्यात ढगांआड असलेला डोंगर एका पहाटे उघडा पडला आणि काटेरी तारांच्या मागून त्यानं तो पाहिला. 1943 च्या जानेवारीत तो दोन साथीदारांसह छावणीतून निसटला. पळून जाऊन देश गाठणं अशक्य होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यांना डोंगर चढायचा होता. छावणीतल्या भंगारातून क्रॅम्पॉन बनवले होते, खाणं साठवून ठेवलं होतं, आणि नकाशा म्हणून हाताशी होतं ते मांसाच्या डब्याच्या कागदावरचं डोंगराचं चित्र. बातियान त्यांना साधला नाही. दोघं लेनानावर पोचले, तिथे इटलीचा झेंडा रोवला, आणि मग सगळे खाली उतरून पुन्हा त्याच छावणीत हजर झाले. बेनुत्सीनं पुढे यावर पुस्तक लिहिलं. रोज सकाळी तारेपलीकडे तो डोंगर दिसत राहणं आणि तिकडे न जाणं, यातलं दुसरं त्याला जास्त असह्य झालं असावं.

लेनाना आणि नेलियन यांच्यामध्ये लुईस हिमनदी आहे. आहे म्हणायचं, पण 1934 ते 2010 या काळात तिचा नव्वद टक्के बर्फ गेला. आम्ही पाहिली ती खडकाच्या कुशीत उरलेली मळकट, करडी चादर. गाइडनं काठीनं दाखवलं, पूर्वी ती कुठवर होती. काठी बराच वेळ फिरत राहिली.

तिथून खाली, नैरोबी, आणि मग नमांगाची सरहद्द. दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत बसतात, पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड पाहतात, आणि रांग पुढे सरकते. बाहेर मसाई बाया मण्यांच्या माळा विकत होत्या. या बाजूच्या आणि त्या बाजूच्या. रेषा आखली गेली तेव्हा त्यांचा समाज दोन देशांत वाटला गेला होता. तिथून पूर्वेला, केनियाच्या हद्दीत, आंबोसेली आहे. किलिमांजारोची पुस्तकांत छापलेली, हत्तींच्या मागे पांढरा माथा दिसणारी बहुतेक छायाचित्रं तिथली, म्हणजे केनियातली. आंबोसेलीच्या ज्या दलदलीत ते हत्ती उभे असतात तिच्यातलं पाणीही किलिमांजारोचंच. डोंगरावर पडलेला पाऊस ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून झिरपत जमिनीखालून पलीकडच्या देशात जातो आणि तिथे झऱ्यांच्या रूपानं वर येतो. त्याला नमांगाला थांबावं लागत नाही. गाडीच्या खिडकीतून मी नकाशातली ती वळणदार रेषा शोधत होतो. जमिनीवर तिचा मागमूस नव्हता.

किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर चागा लोक राहतात. केळीच्या सावलीत कॉफी, तिच्या खाली रताळी-भाज्या, आवारात एखादी गाय. एकेक घर म्हणजे एकेक बाग. या बागांना डोंगरातून पाटानं पाणी येतं. हे पाट चागांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी कड्यांच्या कडेनं खोदले, आणि कुणाला कधी पाणी मिळणार, पाट कुणी साफ करायचा, याचे त्यांचे स्वतःचे नियम होते. वरच्या बर्फामुळे खालची गावं जगतात असा समज आहे. प्रत्यक्षात हिमनद्यांचं पाणी फारच थोडं. गावं जगतात ती मधल्या जंगलपट्ट्यामुळे, जो पाऊस धरतो आणि धुकं पानांवर झेलून थेंबाथेंबानं जमिनीत सोडतो. वरचा पांढरा माथा जगाला दिसतो. हे जंगल ओलांडायला चढणाऱ्याला पहिला दिवस पुरतो, आणि फोटोत ते क्वचितच येतं.

मचामे गेटवर सर्वांत आधी ओझी मोजली जातात. एका पोर्टरनं वीस किलोपेक्षा जास्त वाहायचं नाही, असा नियम आहे, आणि राष्ट्रीय उद्यानाचे लोक काट्यावर एकेक गोणी लावतात. तंबू, गॅसच्या टाक्या, अंडी, पीठ, खुर्च्या, आमच्या सॅका. आमच्या सोबत येणारी माणसं आमच्याहून कितीतरी जास्त होती. माणशी तीन-चार तरी. आम्ही पाठीवर पाणी, रेनकोट आणि थोडा खाऊ घेऊन निघालो. गाइडनं सांगितलेली चाल, पोले पोले, म्हणजे इतकी सावकाश की बोलता बोलता दम लागू नये. आणि बाजूनं पोर्टर झपाझप पुढे जात, डोक्यावर ओझं तोलत, कारण आम्ही पोचण्याआधी तंबू उभे राहायचे होते, पाणी उकळायचं होतं.

शिरा पठार, लाव्हा टॉवर, मग पुन्हा खाली उतरून बारांको. बारांकोची भिंत हातापायांनी चढायची आहे. अवघड नाही, पण तिथे दोन्ही हात लागतात. मी खडकाला धरून पाय कुठे ठेवावा हे शोधत असताना एक मुलगा डोक्यावर गोणी घेऊन, एका हातानं खडक चाचपत माझ्या वरून निघून गेला. त्याच्या गोणीत माझी झोपायची पिशवी होती, हे मला तिच्या निळ्या कापडावरून कळलं. डोंगर कोण चढतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. 1889 मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर किलिमांजारोच्या माथ्यावर पोचले आणि त्या शिखराला मायरनं आपल्या कैसरचं नाव दिलं. मायरच्या तुकडीला वाट दाखवणाऱ्यांत मारांगूचा योहानी किन्याला लाउवो हा चागा तरुण होता, असं मारांगूची माणसं सांगतात. जगानं त्याचं नाव खऱ्या अर्थानं घेतलं ते शंभर वर्षांनी, त्या चढाईच्या शताब्दीला. तोवर पुस्तकांतून ओझी वाहणारे फक्त संख्येनं येत. इतकी माणसं, इतकी गाठोडी.

बराफू कॅम्पवरून मध्यरात्री निघालो. त्या चढणीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. थंडी, पुढच्या माणसाचे बूट, टॉर्चच्या उजेडाचं वर्तुळ, आणि श्वास. वर पाहिलं तर टॉर्चची रांग ताऱ्यांत मिसळलेली. बाई माझ्या पुढे होत्या. मध्ये मध्ये गाइड त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होता, थर्मास उघडून चहा देत होता. स्टेला पॉइंटवर उजाडलं. तिथून विवराच्या कडेनं उहुरू या सर्वोच्च टोकाकडे जाताना डाव्या हाताला हिमनद्यांच्या भिंती दिसतात. निळसर, उभ्या, कडा तासलेल्या. खूप सुंदर आहेत, आणि संपत चालल्या आहेत. 1848 मध्ये योहानेस रेबमान या मिशनऱ्यानं विषुववृत्ताजवळ बर्फाचा डोंगर पाहिल्याचं कळवलं तेव्हा लंडनच्या भूगोलतज्ज्ञांना ते पटेना. 1912 मध्ये मोजलेल्या बर्फापैकी सुमारे पंचाऐंशी टक्के पुढच्या शंभर वर्षांत गेला. हवा कोरडी होत गेली, बर्फ पडणं कमी झालं, तापमान वाढलं. उरलेला 2050 पर्यंत जाईल, असा युनेस्कोचा अंदाज आहे. भूगोल शिकवताना बाईंनी किती मुलांना फळ्यावर हा डोंगर काढून त्याचा माथा पांढरा ठेवायला सांगितलं असेल! त्या भिंतींसमोर त्या उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आता असा काढता येणार नाही.’

कैसरचं नाव आता त्या शिखराला नाही. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. 1959 मध्ये, टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, अजून ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, स्वातंत्र्यलढ्याचे नेते ज्युलियस न्येरेरे तिथल्या विधिमंडळात म्हणाले होते की किलिमांजारोवर एक दिवा लावावा आणि त्याचा उजेड आपल्या सीमांपलीकडे, जिथे निराशा आहे, द्वेष आहे, तिथवर जावा. 1961 च्या डिसेंबरात स्वातंत्र्याच्या रात्री अलेक्झांडर न्यिरेंडा हा तरुण लष्करी अधिकारी मशाल आणि नव्या देशाचा झेंडा घेऊन या माथ्यावर गेला. दोन वर्षांनी, 1963 च्या डिसेंबरात, केनिया स्वतंत्र झाला तेव्हा किसोई मुन्याओ यानं माउंट केनियावर आपल्या देशाचा झेंडा फडकवला. दोन शेजारी देशांनी आपापलं जन्मणं आपापल्या सर्वांत उंच डोंगरावर जाऊन सांगितलं. शिखर गाठण्याची जी कारणं मला ठाऊक आहेत त्यांत यापेक्षा मोठं कारण मला सापडत नाही. न्येरेरेंच्या कल्पनेतला उजेड सीमा ओलांडून जाणारा होता, हे मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्यांनी आखून दिलेल्या रेषांच्या आत देश उभा करायचा होता, आणि तरी पहिला विचार रेषेपलीकडच्या माणसांचा होता. पुढे त्या भागातल्या कितीतरी स्वातंत्र्यलढ्यांना टांझानियानं आसरा दिला.

उहुरूच्या फलकापाशी आम्ही झेंडा काढला नाही. हे आधी ठरलेलं नव्हतं. झेंडा सॅकमध्ये होता, पण बाई म्हणाल्या, इथे त्यांचाच असू दे, आणि सगळ्यांना ते पटलं.

उतरताना म्वेकाची वाट. एका दिवसात बर्फ, वाळवंट, झुडपं आणि जंगल उलट क्रमानं पाहायला मिळतं, आणि दर हजार मीटरांवर हवा अशी दाट होत जाते की छाती भरून येते. म्वेका गेटवर नोंदवहीत सह्या होतात आणि शिखर गाठल्याची प्रमाणपत्रं मिळतात, ज्यांवर चढणाऱ्याचं नाव असतं आणि गाइडची सही. पोर्टरांपैकी बहुतेक जण उहुरूवर जात नाहीत. त्यांचं काम बराफूला संपतं. निळी पिशवी वाहणारा मुलगा वर कधी गेला नव्हता. त्याला गाइड व्हायचं होतं, त्यासाठी इंग्रजी सुधारत होता, आणि म्हणून माझ्याशी बोलायला आला.

त्यानं विचारलं, तुमच्याकडचा सर्वांत उंच डोंगर कोणता. हिमालयाचं नाव घेणं सोपं होतं, पण मी कळसूबाईचं घेतलं. उंची सांगितली तेव्हा तो चमकला, कारण आम्ही उभे होतो ते म्वेका गेट साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. वर काय आहे, त्यानं विचारलं. देवीचं देऊळ, मी म्हटलं. मग लोक वर राहतात? राहत नाहीत, येऊन जातात. तहान लागते तेव्हा वाटेत सरबत, काकडी, चहा मिळतो. ते सामान वर कोण नेतं, त्यानं विचारलं. पायथ्याच्या बारी गावातली माणसं, मी सांगितलं, बायाही, डोक्यावरून, लोखंडी शिड्या चढून.

‘मग त्यांचं ओझं कोण मोजतं?’

कुणी मोजत नाही, मी म्हटलं. त्यानं मान हलवली. त्याचे वडील याच डोंगरावर पोर्टर होते, तो म्हणाला, आणि त्यांच्या वेळी इथेही काटा नव्हता.